चौकटी, डाग आणि जुळणारे बिंदू

एका जुन्या इमारतीचा हाताने काढलेला आराखडा मला संगणकावर एकसंध प्रतिमा म्हणून हवा होता. कागद टेबलाएवढा मोठा, घड्यांवर विरत चाललेला आणि फिकट निळ्या चौकटी छापलेला. तो स्कॅनरमध्ये घालण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून तीन ओळींत तीन-तीन असे त्याचे नऊ फोटो मी वरून काढले, शेजारच्या दोन फोटोंत साधारण चौथा हिस्सा सामाईक येईल एवढी काळजी घेतली, आणि ते एका तयार सॉफ्टवेअरला दिले. त्याने दोन फोटो जोडले, तिसरा नाकारला आणि नाकारण्याचे कारण सांगितले नाही. ते कारण शोधण्यासाठी सगळा प्रोग्रॅम स्वतः लिहायला घेतला, आणि आठवडाभरात संपेल असे वाटलेले काम दीड महिना चालले.

दोन फोटो जोडायचे तर पहिल्या फोटोतला अमुक बिंदू आणि दुसऱ्यातला तमुक बिंदू हे कागदावरचे एकच ठिकाण आहे, असे पुरेशा ठिकाणांबद्दल खात्रीने सांगता आले पाहिजे. संगणकापुढे मात्र फक्त उजेडाचे आकडे असतात. त्यामुळे आधी लक्षात ठेवण्याजोगे बिंदू शोधायचे, मग प्रत्येक बिंदूच्या आसपासचे वर्णन आकड्यांत लिहायचे, आणि शेवटी दोन्ही फोटोंतली वर्णने ताडून जोड्या लावायच्या, असा क्रम असतो. या वर्णनाला सगळे डिस्क्रिप्टर म्हणतात, मी मात्र वर्णनच म्हणेन.

सुरुवात मी हॅरिस आणि स्टीफन्स यांच्या 1988च्या कोपरा शोधण्याच्या पद्धतीने केली, कारण ती कागदावर स्वतः मांडून पाहता येते. फोटोवर एक लहानशी खिडकी ठेवायची आणि ती थोडी इकडेतिकडे सरकवली तर आतले चित्र किती बदलते ते पाहायचे. कोऱ्या जागी ती कुठेही सरकवली तरी चित्र बदलत नाही. रेषेवर ठेवली तर रेषेच्या दिशेने सरकवताना बदलत नाही, रेषेला आडवी सरकवताना बदलते. आणि कोपऱ्यावर मात्र कोणत्याही दिशेला सरकवली तरी बदलते. प्रत्यक्षात खिडकी सरकवावी लागत नाही. उजेडाच्या आडव्या आणि उभ्या चढउतारांपासून दोन बाय दोनचा एक तक्ता तयार होतो, आणि त्याच्या निश्चायकातून त्याच्या कर्णावरील बेरजेच्या वर्गाचा 0.04 ते 0.06 पट भाग वजा केला की येणारी संख्या कोपऱ्यावर मोठी धन, रेषेवर ऋण आणि कोऱ्या जागी शून्याच्या जवळ येते.

ही पद्धत वापरताना माझी पहिली चूक अगदी नवशिक्याची होती. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी संख्या असलेला प्रत्येक पिक्सेल मी बिंदू म्हणून घेतला, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर एका बिंदूऐवजी वीस-पंचवीस बिंदूंचा पुंजका उमटला. शेजाऱ्यांमध्ये जो सर्वांत मोठा असेल तोच ठेवायचा, बाकीचे पुसायचे, ही पायरी मी अनावश्यक समजून गाळली होती.

दुसरी चूक अधिक शिकवून गेली. प्रोग्रॅमची साखळी पूर्ण करून मी ती आराखड्यावर न वापरता आधी एका मासिकाच्या मुखपृष्ठाच्या दोन फोटोंवर चालवली. जोड्या भरपूर जुळल्या, त्यांवरून काढलेल्या रूपांतरणाशी (एका फोटोतला बिंदू दुसऱ्यात कुठे पडेल ते सांगणाऱ्या सूत्राशी) बहुतेक जोड्या पिक्सेलभराच्या आत सहमत होत्या, आणि तरीही जोडलेले चित्र हास्यास्पद होते: जो फोटो उजवीकडे सरकायला हवा तो तेवढाच खाली सरकलेला. दोन दिवस मी गणितात दोष शोधत राहिले. दोष असा होता की कोपऱ्यांची ठिकाणे नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीने आधी ओळ आणि मग स्तंभ, म्हणजे आधी उभे आणि मग आडवे अंतर, या क्रमाने दिली होती, तर चित्र वळवणाऱ्या फंक्शनला आधी आडवे अंतर हवे होते. अदलाबदल दोन्ही फोटोंत सारखीच झाल्यामुळे जोड्या, रूपांतरण आणि सहमतीचा आकडा हे सगळे आपापसात बिनचूक जुळत होते. फक्त ते सगळे मिळून आडव्याच्या जागी उभे बोलत होते. तेव्हापासून सहमतीचा आकडा कितीही चांगला आला तरी जोडलेले चित्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

मग आराखड्याची पाळी आली. हॅरिसच्या कोपऱ्याला फोटो किती उंचीवरून काढला याचे भान नसते. जवळून जो कोपरा दिसतो तो आणखी जवळून गोलसर वळण दिसतो, आणि माझे फोटो हातात फोन धरून काढलेले असल्याने उंची दर वेळी थोडी वेगळी होती. म्हणून मी आधी ऑर्ब आणि नंतर सिफ्ट या पद्धतींकडे वळले. ऑर्ब ही 2011 सालची, वेगासाठी नावाजलेली पद्धत आहे. ती प्रत्येक बिंदूचे वर्णन 256 होय-नाही उत्तरांत करते, आणि प्रत्येक उत्तर म्हणजे आसपासच्या दोन ठिकाणांपैकी पहिले अधिक उजळ आहे की दुसरे, एवढेच. अशी दोन वर्णने ताडताना किती उत्तरे वेगळी आहेत ते मोजायचे असते, ज्याला हॅमिंग अंतर म्हणतात. ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीतले ताडणारे साधन मात्र काही न सांगता वापरले तर नेहमीचे भौमितिक अंतर मोजते, कुठलीही तक्रार करत नाही, आणि उत्तरे निव्वळ बरी येतात. पूर्ण चुकीची आली असती तर मी लगेच शोध घेतला असता. बरी आल्यामुळे तीन दिवस ऑर्बलाच नावे ठेवत राहिले.

अंतर सुधारल्यावर दुसरी अडचण दिसली. ओपनसीव्हीतली ऑर्ब वेगळे काही न सांगितल्यास सर्वांत ठळक 500 बिंदू ठेवते, आणि माझ्या आराखड्यात ठळक बिंदू जिथे लिखाण दाट आहे अशा एका कोपऱ्यातच गोळा होत होते. शेजारच्या फोटोशी सामाईक असलेल्या पट्ट्यात जेमतेम दहा-बारा पडत. त्यावर उपाय सोपा निघाला. फोटोचे समान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातून ठरावीक संख्येहून अधिक बिंदू घ्यायचे नाहीत, म्हणजे पट्ट्याच्याही वाट्याला पुरेसे बिंदू येतात.

तरीही जुळणी विस्कटलेलीच राहिली आणि मी सिफ्टवर आले. डेव्हिड लो यांनी 1999 मध्ये मांडलेली आणि 2004च्या लेखात सविस्तर सांगितलेली ही पद्धत अनेक वर्षे पेटंटखाली होती. मार्च 2020 मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर ती ओपनसीव्हीच्या मुख्य भागात आली. तिच्यात फोटो टप्प्याटप्प्याने अधिकाधिक धूसर केला जातो, लागोपाठच्या धूसर प्रतींची वजाबाकी केली जाते, आणि जो पिक्सेल आपल्या प्रतीतल्या 8 आणि वरच्या-खालच्या प्रतींतल्या 9-9 अशा 26 शेजाऱ्यांपेक्षा मोठा किंवा लहान असेल तो बिंदू ठरतो. किती धूसरपणावर तो सापडला यावरून त्याचा आकार कळतो, म्हणून फोटोची उंची बदलली तरी बिंदू हरवत नाही. मग बिंदूभोवतीच्या उजेडाच्या चढणीची मुख्य दिशा ठरवून त्या दिशेला आधार धरले जाते, आसपासचा भाग चार बाय चार खणांत विभागला जातो, आणि प्रत्येक खणात आठ दिशांपैकी कोणत्या दिशेला किती चढण आहे याची नोंद होते. 16 गुणिले 8 म्हणजे 128 आकडे, आणि हेच त्या बिंदूचे वर्णन. बिंदूंची यादी तपासताना काही ठिकाणे दोनदा आलेली पाहून माझी खात्री झाली होती की पुन्हा माझ्याच प्रोग्रॅममध्ये घोळ आहे. पण एखाद्या ठिकाणी दुसरी दिशाही मुख्य दिशेच्या किमान 80 टक्के जोराची असेल तर सिफ्ट तिथे मुद्दाम दुसरा बिंदू नोंदवते.

सिफ्ट वापरून आराखड्याचे पहिले दोन फोटो जोडले गेले तेव्हा मला फार आनंद झाला, आणि तो दोन तास टिकला. चित्र सुरेख दिसत होते. निळ्या चौकटींच्या रेषा एका फोटोतून दुसऱ्यात अखंड जात होत्या, सांधा शोधूनही सापडत नव्हता. मग सांध्यावरचे एक माप वाचताना त्यातला एक अंक अर्धाच असल्याचे दिसले, आणि जवळून पाहिल्यावर भिंतीची काळी रेषाही सांध्यावर एक पायरी उतरलेली होती. पायरीची उंची मोजली तर ती बरोबर एका चौकटीएवढी निघाली. दुसरा फोटो पूर्ण एक चौकट सरकून बसला होता, आणि चौकटी सगळ्या एकसारख्याच असल्याने त्या तशाही तंतोतंत जुळत होत्या.

हे कसे घडले हे समजायला मला त्या महिन्यातला सर्वाधिक वेळ लागला. जोड्या लावल्यावर त्यांतल्या खोट्या जोड्या गाळण्यासाठी रॅन्सॅक ही 1981 सालची पद्धत वापरतात. सपाट कागदाच्या दोन फोटोंमधले नाते होमोग्राफी नावाच्या रूपांतरणाने सांगता येते आणि ते ठरवायला चार जोड्या पुरतात. म्हणून कोणत्याही चार जोड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलायच्या, त्यांवरून रूपांतरण काढायचे, बाकीच्या किती जोड्या त्याच्याशी सहमत आहेत ते मोजायचे, आणि हे अनेकदा करून ज्याला सर्वाधिक सहमती मिळेल ते रूपांतरण स्वीकारायचे. निम्म्या जोड्या खऱ्या असतील तर 72 प्रयत्नांत किमान एकदा चारही खऱ्या जोड्या हाती लागण्याची शक्यता 99 टक्के असते. खऱ्या जोड्या पाचव्या हिश्शावर आल्या तर त्याच खात्रीसाठी जवळपास 2,900 प्रयत्न लागतात. संगणकाला हेही जड नाही, म्हणून मी खोट्या जोड्यांची फारशी फिकीर केली नव्हती. पण या सगळ्या पद्धतीमागे एक गृहीत आहे: खऱ्या जोड्या एकमेकींशी सहमत असतात आणि खोट्या जोड्या विखुरलेल्या असतात. माझ्या कागदावर खोट्या जोड्याही एकमेकींशी सहमत होत्या. एका चौकटीने चुकलेल्या शंभर जोड्या मिळून एक निर्दोष रूपांतरण सांगत होत्या, आणि त्यांचा गट खऱ्या जोड्यांच्या गटापेक्षा मोठा होता.

याला आवर घालण्यासाठी लो यांच्याच लेखातली गुणोत्तराची कसोटी आहे, आणि ती मी सुरुवातीला सैल ठेवली होती. पहिल्या फोटोतल्या बिंदूला दुसऱ्या फोटोत सर्वांत जवळचा आणि दुसऱ्या क्रमांकाचा जवळचा असे दोन बिंदू शोधायचे. पहिल्याचे अंतर दुसऱ्याच्या 0.8 पटीपेक्षा कमी असेल तरच जोडी मान्य करायची. लो यांच्या प्रयोगात या मर्यादेने 90 टक्के खोट्या जोड्या गळाल्या आणि खऱ्या जोड्या 5 टक्क्यांहून कमी गमावल्या. मी कसोटी 0.8 वर आणली तेव्हा माझ्या जोड्या शेकड्यांवरून तेवीसवर आल्या. प्रथम वाटले की कसोटी फार कडक झाली. मग त्या तेवीस जोड्या एकेक करून मोठ्या करून पाहिल्या, आणि तो तासभर या संपूर्ण उद्योगातला सर्वांत उपयोगी तास ठरला. चौकटींच्या छेदबिंदूंपैकी एकही उरला नव्हता, कारण प्रत्येक छेदबिंदूला दुसऱ्या फोटोत शेकडो जुळे होते आणि पहिला व दुसरा क्रमांक यांत फरकच नव्हता. उरले होते ते हस्ताक्षरातले काही वळसे, शाईचा एक ठिपका, घडीवरची एक चीर, आणि बाकी सगळे पाण्याच्या एका जुन्या डागाच्या काठावरचे.

इथे मला एक कबुली द्यावी लागेल. फोटो प्रोग्रॅमला देण्यापूर्वी मी ते स्वच्छ केले होते: डाग शक्य तेवढे पुसले होते, कागद पांढरा केला होता, आणि एका प्रयत्नात तर सगळे निव्वळ काळ्या-पांढऱ्या दोन छटांत आणले होते. दोन छटांत आणल्यावर तिरप्या रेषांना पायऱ्या पडतात आणि प्रत्येक पायरी हॅरिसला कोपरा वाटते. ते नुकसान तरी लगेच दिसले होते. डाग पुसण्याचे नुकसान मात्र आता समजले. बिंदू पुन्हा सापडणे आणि तो इतरांपासून ओळखू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकटींचे छेदबिंदू पहिल्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतात आणि दुसरीत शून्य. पाण्याचा डाग दिसायला पुसट, पण त्याच्या काठाचे असे वळण अख्ख्या कागदावर दुसरे नव्हते, आणि नेमका तोच मी पुसत बसले होते.

मूळ फोटो पुन्हा घेतले आणि आता उलट दिशेने विचार केला: चौकटी पुसता येतील का? रंगीत फोटो राखाडी करताना आपण तिन्ही रंग मिसळतो, पण फक्त निळा घटक घेतला तर पांढरट कागदावरची फिकट निळी रेष कागदाएवढीच उजळ दिसते आणि जवळजवळ नाहीशी होते. काळी शाई आणि पेन्सिल मात्र तशीच राहतात. मी ते करून पाहिले आणि चौकटी आणखी गडद झाल्या. क्षणभर कळेनासे झाले. मग आठवले की ओपनसीव्ही रंगांचे घटक निळा, हिरवा, लाल या क्रमाने देते, आणि मी शेवटचा घटक निळा समजून उचललेला प्रत्यक्षात लाल होता. पहिला घटक घेतल्यावर चौकटी विरल्या, आणि त्याबरोबर जे झाले त्याची मी अपेक्षा केली नव्हती: डाग तपकिरी-पिवळसर असल्यामुळे निळ्या घटकात तो अधिक गडद झाला. एकाच फेरबदलाने नको ते बुडाले आणि हवे ते वर आले. त्यात मी आणखी एक चाळणी लावली. ज्या बिंदूंचा आकार दोन चौकटींहून लहान आहे ते सोडून दिले, कारण मोठ्या आकाराच्या बिंदूच्या वर्णनात आसपासचे लिखाणही येते. जोड्या तेवीसवरून दीडशेच्या घरात गेल्या, आणि एका चौकटीची पायरी सांध्यावरून नाहीशी झाली.

यानंतरच्या अडचणी गणितातल्या कमी आणि टेबलावरच्या अधिक होत्या. घडीजवळ कागद फुगलेला असल्याने तिथे तो सपाट नव्हता, आणि होमोग्राफीचे गृहीतच मोडत होते. सहमतीची मर्यादा तीन पिक्सेल ठेवली तर घडीपलीकडच्या सगळ्या जोड्या बाद होत, आणि दहा ठेवली तर सांधा पुसट होई. म्हणून कागदावर काच ठेवून पुन्हा फोटो काढले. काचेत दिव्याचे प्रतिबिंब पडले आणि त्याच्या कडा बिंदू म्हणून अगदी झकास होत्या: ठळक, प्रत्येक फोटोत हमखास सापडणाऱ्या, ओळखू येणाऱ्या, आणि कागदाला न चिकटलेल्या. फोन सरकला की त्या कागदावरून सरकत. रॅन्सॅकने त्या बहुतेक गाळल्या, पण प्रतिबिंबाखालचे खरे लिखाण गेलेच होते. शेवटी काच काढली, कागदाच्या कडांवर वजने ठेवली, फोन थोडा वर नेला आणि दिवा एका बाजूला सरकवला. भिंगामुळे फोटोच्या कडेला सरळ रेषा किंचित वाकतात; बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी वेगवेगळ्या कोनांतून टिपून तो वाकडेपणा मोजला आणि सर्व फोटोंतून आधीच काढून टाकला.

नऊ फोटो एकामागून एक जोडत गेले तर प्रत्येक सांध्याची बारीक चूक पुढच्यात जाते, आणि नवव्या फोटोपर्यंत कागद तिरपा होतो. मधला फोटो स्थिर धरून बाकीचे आठ त्याच्याशी सर्वांत लहान वाटेने जोडले, मग सगळ्या जोड्या एकत्र घेऊन आठही रूपांतरणे एकाच वेळी थोडी-थोडी हलवत एकूण चूक कमीत कमी केली. प्रत्येक रूपांतरण स्वीकारण्यापूर्वी फोटोचे चार कोपरे कुठे जाऊन पडतात ते पाहणारी एक लहान तपासणीही घातली. चौकोन उलटा किंवा स्वतःलाच छेदणारा निघाला तर सहमती कितीही असो, ते रूपांतरण रद्द.

यंत्रशिक्षणावर आधारलेल्या नव्या पद्धतीही मी फोटोंच्या एका जोडीवर चालवून पाहिल्या. 2018च्या सुपरपॉइंटने बिंदू शोधायचे आणि 2023च्या लाइटग्लूने ते जुळवायचे, अशी ती जोडगोळी आहे. लाइटग्लू प्रत्येक बिंदू सुटा न पाहता दोन्ही फोटोंतले सगळे बिंदू एकत्र विचारात घेते, म्हणून चौकटींनी ती सहज फसत नाही असा माझा अंदाज होता, आणि त्या जोडीपुरता तो खरा ठरला. निळ्या घटकावर सिफ्ट चालवून मिळालेल्या सांध्यापेक्षा तो सांधा मला सरस दिसला नाही, म्हणून बाकीच्या जोड्या मी सिफ्टवरच ठेवल्या. उजेड फार वेगळा असलेले फोटो पुढे कधी जोडावे लागले तर मात्र आधी तिकडेच जाईन.

आता शेजारचे दोन फोटो एकाच जागी आळीपाळीने दाखवणारे एक साधे पान मी लिहिले आहे. जुळणी बरोबर असेल तर चित्र स्थिर राहते आणि फक्त उजेड लुकलुकतो. चुकली असेल तर रेषा हलताना दिसतात. बारा सांध्यांपैकी अकरा स्थिर आहेत. बाराव्यात, दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथे, सातचा एक आकडा अजून दोन पिक्सेल डावीकडे-उजवीकडे हलतो. कागद तिथे फाटला आहे आणि दोन्ही तुकडे दर फोटोत थोडे वेगळे बसले आहेत, त्यामुळे त्या ठिकाणी मी दोन फोटो मिसळण्याऐवजी सांधाच आकड्याला वळसा घालून नेला आहे.